नांगर धरला की हात वर

गिरणीच्या रिंग खात्यात उभं राहून राहून बुधाजीची कंबर गेली होती, आणि छातीत कापूस बसला होता तो वेगळाच. डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या हवेत काम बघ." आता परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसानं मोकळी हवा आणायची कुठून? पण गिरणी सुटली आणि शेजाऱ्याच्या ओळखीनं काम निघालं तेही असं, की हवाच हवा. गिरगावच्या हेमचंद्र शेठची हौसेची लाँच होती. रविवारी घरच्यांना घेऊन घारापुरीकडे जायचं, नांगर टाकायचा, डबे उघडायचे, संध्याकाळी परत. त्या लाँचवर नांगराला एक माणूस हवा होता.

शिकवायला होता वरळी कोळीवाड्यातला दगडू तांडेल. लाँच त्याच्या ताब्यात, पण जीभ कुणाच्याच ताब्यात नाही. आधीचा नांगरवाला म्हणजे त्याचाच पुतण्या शिवा. त्याला तांडेलनं स्वतःच हाकललं होतं. का, ते विचारायची सोय नव्हती.

पावसाळाभर दारूखान्याच्या धक्क्याजवळ बांधलेल्या लाँचवर शिकवणी चालली. अगदी पुढच्या टोकाला लोखंडी चरखी बसवलेली. शेठ तिला विंडलास म्हणायचा, तांडेल नुसती चरखी. ब्रेकचा दांडा सैल केला की साखळी खडखडत पाण्यात सुटायची, आवळला की थांबायची. वर ओढायची तर हँडल फिरवत बसायचं, छातीचा भाता होईपर्यंत.

पहिल्याच दिवशी सुटती साखळी जराशी अडली, आणि बुधाजीचा हात आपसूक तिच्याकडे गेला. तुटलेला धागा चालू मशीनवरच जोडायची सवय, दुसरं काय! तांडेलनं मनगटावर काठी हाणली.

"मेल्या, धागा हाय का तो? बोटं जातील, ती मासे खातील, आणि ते मासे माझ्याच ताटात येतील!"

मग त्यानं शांतपणे समजावलं. साखळी आवळल्यावरच तिला हात लावायचा. थरथरत असेल तर नांगर तळावरून घसरतोय. गप्प असेल तर नांगरानं तळ धरला. "धरला की हात वर कर. मागं सुकाणूवर मला साखळी दिसत नाय. तुझा हात बघूनच मी इंजन बंद करनार."

बुधाजी घरी येऊन भिंतीला पाठ टेकायचा, तो जेवायलाही उठायचा नाही. बायको सुंदराबाई ताट समोर सरकवून म्हणायची, "नारळी पुनवेपर्यंत दम काढा." त्या दिवशी शेठ येणार होता, आणि तांडेलच्या शब्दावर ठरणार होतं, बुधाजी राहतो की जातो. बुधाजीला आता दुसरं काम शोधत फिरायचं त्राणच उरलं नव्हतं.

पुनवेला पाऊस उघडला होता. लाँच घारापुरीच्या अलीकडे आली. शेठाणीनं हळद-कुंकू लावलेला नारळ तांडेलला दिला, तांडेलनं पुढं येऊन तो बुधाजीच्या हातात ठेवला.

"मोसमातला पयला नांगर. नारळ फोड आन् सोड."

बुधाजीनं नारळ परत केला. "तांडेल, तुम्ही फोडा. मला जमणार नाही."

"का रं? हाताला काय झालं?"

"बुद्धाची दीक्षा घेतलीय. दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेपुढं. मी आणि सुंदरानं."

तांडेल भडकला. "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून वरडतोस, आन् दर्याला एक नारळ देत नाय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मनात नको म्हन. नुसता हातानं फोड. कोन विचारतंय?"

"सुंदरा विचारेल. तिच्याशी खोटं बोलवत नाही मला."

बोलला एवढंच, पण आतून तो उकळत होता. विणखात्यात ह्याला कधी घेतलं नाही. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि ह्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नव्हता. बापाला देवळाची पायरी चढू दिली नाही. आणि आज त्याच देवाचा नारळ ह्याच्याच हातून फुटायला हवा! पण भांडायचीही ताकद नव्हती. कंटाळा आला होता सगळ्यांना सगळं समजावण्याचा.

तांडेलनं तणतणत स्वतःच नारळ फोडला, पाण्यात टाकला आणि पाय आपटत सुकाणूवर गेला. "सोड!"

बुधाजीनं ब्रेक सैल केला. साखळी धडधडत गेली. पुरेशी सुटल्यावर त्यानं दांडा आवळला. लाँच ओहोटीबरोबर मागं सरली, साखळी ताणली. त्यानं तिला हात लावला.

थरथरत होती.

"झालं का?" शेठनं विचारलं. शेठाणी डब्यांच्या गाठी सोडत होती. हात वर केला असता तर सुटला असता बिचारा. आणि नाही म्हटलं तर सगळे काय म्हणणार, ते त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं मान हलवली.

"नाही धरला."

"बघा!" शेठाणी म्हणाली. "नारळ नाकारला ना! भोवणारच."

बुधाजी हँडलला भिडला. एकेक कडी वर येत होती, छातीतून शिट्टी वाजत होती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. नांगर वर आला. तांडेलनं लाँच जरा बाजूला घेतली. पुन्हा ब्रेक, पुन्हा धडधडाट. त्यानं साखळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती गप्प होती. मग दुसरा हात त्यानं वर केला.

इंजिन बंद झालं, आणि मागचं सगळं बोलणं पुढं ऐकू येऊ लागलं.

"दगडू, ह्या माणसाचं काय करायचं?" शेठ विचारत होता. "घरच्यांचं मन धजत नाही."

"शिवा दर साली नारळ फोडायचा, शेठ. भक्तीनं फोडायचा. आन् दर टायमाला साखळीला हात न लावता हात वर करायचा. बिडीची घाई त्याला. मागल्या साली तुमची पोरं पान्यात डुंबत व्हती, आन् लाँच घसरत खडकावर चालली व्हती. तुमाला सांगितलं नाय मी. माझाच पुतन्या, सांगू कसा?"

शेठाणीच्या हातातला डबा तसाच राहिला.

"नारळाला मी हाय की," तांडेल म्हणाला. "नांगराला ह्यो राहू द्या."

शेठ बायकोकडे बघत राहिला. ती पोरांकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे."

बुधाजीला आनंद व्हायला हवा होता. डोळे भरून आले, पण ते दमल्यामुळं की कशामुळं, त्याचं त्यालाच कळेना. चरखीला टेकून तो उभाच होता.

तांडेल पुढं आला, त्याच्याकडं बघत राहिला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"अरे बुधाजी, हात खाली घे आता. इंजन कवाच बंद केलंय मी."