दुरुस्तीचा हक्क

आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा चेअरमन आबारावांनी त्याच्यापुढं नारळ फोडला आणि खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला. इथवर ठीक होतं. पण कॉम्प्युटर बसवायला पुण्याहून आलेल्या माणसानं विचारलं, उसाच्या नोंदी भरणार कोण, नुसत्या बघणार कोण आणि दुरुस्त कोण करणार, तेव्हा आबारावांची मान ताठ झाली.

"भरा कुनीबी. दुरुस्ती फकस्त माज्या हातानं."

झालं! मी ऊस खात्यातला कारकून, मला नुसती भरायची मुभा. एकदा भरलेलं अक्षर हलवायचं तर आबारावांचा पासवर्ड हवा. तो त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून ठरवला. ज्या गृहस्थाला घड्याळाला चावी देता येत नव्हती, त्याच्या हातात सगळ्या तालुक्याच्या ऊसतोडीचा क्रम.

त्या साली विहिरी आटल्या होत्या. भूम गावाकडच्या सरुबाईंचा ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला आणि तोडीची टोळी काही येईना. पाहिलं तर नोंदी भरायला बसवलेल्या आबारावांच्या दिवट्या भाच्यानं लागवडीचा महिनाच चुकीचा भरलेला, त्यामुळं तोडीच्या यादीत सरुबाईंचं नाव पार तळाला. मी आबारावांना सांगितलं.

ते खोलीत गेले, दार लावून घेतलं. बराच वेळ एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते घामाघूम, आणि खोलीत तर एसी होता. मी आत डोकावलो. पडद्यावर पासवर्ड चुकल्याच्या ओळीच ओळी. गडी चक्क विसरला होता! पुण्याला एक फोन केला असता तर काम झालं असतं, पण मग विसरलो म्हणावं लागलं असतं. मी सरुबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या तडक कारखान्यावर आल्या.

"मशीनचा क्रम म्हंजी क्रम," आबाराव त्यांना म्हणाले. "एकाचा बदलला तर समद्यांचा बदलावा लागंल."

"आबासायेब, इसरलं आसंल तर इसरलं म्हना. म्या कुनाला सांगनार न्हाय. पुन्याच्या मानसाला बोलवा, माजा ऊस चाललाय."

आबाराव लालबुंद झाले. "नियम कुनासाठी वाकत न्हाय," म्हणाले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. इतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महिन्याभरात सरुबाईंनी वाळलेल्या उसाला काडी लावली. पुढं वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांच्या कडक शिस्तीबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. ठराव मांडणारा आणि अनुमोदन देणारा, दोघांचाही ऊस वेळेवर गाळून झाला होता.