मस्तकीने सांधलेली कवळी

मस्तकीने सुटत नाही असा प्रश्न ग्रीक बेटावरच्या आमच्या मेस्ता गावात अजून कुणाला सापडलेला नाही. पोट बिघडलं, चघळ मस्तकी. हिरड्या सुजल्या, चघळ. आमच्या पावात मस्तकी, दारूत मस्तकी, चर्चमधल्या धुपात मस्तकी, आणि व्हायोलिनला जे रोगण चढवतात त्यातही तीच. झाडाची साल खरवडली की जो चीक थेंबाथेंबाने गळून गोठतो, तीच मस्तकी, आणि तिच्यावर हे गाव उभं आहे. इस्पितळात जखमेवरची पट्टी चिकटवायलाही ती लागते, हे कळल्यापासून तर गावाचे पाय जमिनीवर राहिलेले नाहीत.

तेव्हा झानिसची कवळी तुटल्यावर त्याने काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. फक्त ती तुटली तो दिवस वाईट होता.

झानिस म्हणजे साठी ओलांडलेला, बिनलग्नाचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला माणूस. त्याच्या झाडांना लागूनच मार्केलाची झाडं. ती विधवा. उन्हाळ्यात दोघं आपापल्या झाडांखालची जमीन झाडून त्यावर पांढरी माती पसरायचे, म्हणजे चीक स्वच्छ राहतो. मधल्या दगडी बांधावरून झानिस बोलत असायचा. मातीवर बोलायचा, वाऱ्यावर बोलायचा, अथेन्सचं सरकार का पडणार यावर तर फार बोलायचा. त्याला खरं काय म्हणायचंय हे गावातल्या गाढवांनाही ठाऊक होतं, पण त्या मुद्द्यावर गाडी कधी आली नाही. मार्केला हं हं करत वर्षानुवर्षं ऐकत राहिली. बाईची कमाल आहे.

त्या हिवाळ्यात मार्केलाच्या मुलीने तिला अथेन्सजवळच्या पिरेअसला कायमचं बोलावून घेतलं. झाडं पुतण्याला कसायला द्यायचं ठरलं. मग मार्केलाची थोरली बहीण आर्गिरो स्वतः झानिसच्या दारात आली.

"शनिवारी दुपारी आम्ही मस्तकी निवडायला बसतोय," ती म्हणाली. "तुला काही बोलायचं असेल तर ये. सोमवारी तिची बोट आहे."

शनिवारी सकाळी झानिस कॉफीच्या दुकानात धीर गोळा करायला गेला. तिथे दुकानदार लेओनिसशी वाद झाला, की यंदा कुणाची मस्तकी जास्त कडक. लेओनिसच्या मुलाचा धर्मपिता झानिसच, म्हणजे दोघं एकमेकांचे कुंबारे, त्यामुळे वादाला नात्याची धार होती. पुरावा म्हणून झानिसने आपल्या मस्तकीचा टपोरा खडा दाढेखाली घेतला आणि चावला. कट्कन आवाज झाला. खडा शाबूत होता. वरची कवळी मधोमध दुभंगली होती.

"कुंबारे," लेओनिस म्हणाला, "तुझीच जास्त कडक."

दातांचा डॉक्टर बेटाच्या शहरात, आणि तो सोमवारशिवाय दार उघडणार नव्हता. झानिस घरी गेला. त्याने आपल्याकडचा सगळ्यात सुंदर खडा निवडला, दिव्यावर मऊ केला आणि कवळीचे दोन तुकडे सांधले. अशा दिवशी कंजुषी नको म्हणून वर आणखी एक थर दिला. थंड झाल्यावर कवळी तोंडात बसवून तो खेचरापुढे बराच वेळ बोलला. खेचराने हरकत घेतली नाही.

मार्केलाच्या घरी बायका मोठ्या परातीभोवती बसून बारक्या सुऱ्यांनी मस्तकीच्या खड्यांवरची माती खरवडत होत्या. पाहुण्याला आधी थंड पाण्यात बुडवलेला मस्तकीच्या गोडाचा चमचा, मग कॉफी, ही आमची रीत. गोड निभावलं. कॉफी उकळती होती, आणि झानिसने घाबरून ती एका घोटात संपवली. मग चेहऱ्यावर निश्चय दिसावा म्हणून दात घट्ट मिटून घेतले.

चूक झाली ती इथे. मस्तकी उष्णतेने मऊ होते आणि मऊ झाली की धरून बसते. वरची कवळी खालच्या खऱ्या दातांना चिकटली. तोंड उघडता आलं असतं, पण टाळू सोडून वरचे दात खालच्यांबरोबर खाली आले असते. जिभेने चाचपून झानिसने हे ताडलं आणि तो गप्प बसला.

बायकांनी वाट पाहिली. आर्गिरोने खोकून पाहिलं. एकीने थंडीचा विषय काढून दिला, दुसरीने सरकारचाही. झानिसने नुसती मान हलवली. सरकारवर गप्प बसलेला झानिस त्या खोलीत आजवर कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे सुऱ्याही थांबल्या.

"मी सोमवारी जाते आहे," मार्केला म्हणाली. "तुला माहीत असेलच."

झानिसने मान हलवली.

"त्यावर तुझं काही म्हणणं?"

झानिसच्या कपाळावर घाम आला. डोळे तिच्याकडे, तोंड मिटलेलं. मार्केला एप्रनला लागलेली माती झटकून उठली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिने ते लपवलंही नाही.

"इतकी वर्षं बांधावरून जगाचं बोललास," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी म्हणून बोलायचं, तर शब्द नाही. ठीक आहे. आर्गिरो, पेटी बांधायला चल."

ती आतल्या खोलीकडे वळली. झानिसला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. दातांची लाज त्या भीतीपुढे अगदीच किरकोळ निघाली. त्याने तोंड उघडलं. ताडल्याप्रमाणे वरचे दात खाली आले आणि खालच्या दातांवर दुमजली होऊन बसले. एका बाईने छातीवर क्रूस काढला.

"जाऊ नकोस," झानिस म्हणाला.

उच्चार फार वाईट होता, पण सगळ्यांना समजलं. तोंड तसंच उघडं ठेवून तो उभा राहिला, कारण आता मिटण्यात अर्थ नव्हता. मार्केला जवळ आली आणि तिने त्याच्या तोंडात वाकून पाहिलं.

"मस्तकी लावलीस?"

त्याने मान हलवली.

"एवढंच म्हणायचं होतं ना तुला? इतकी वर्षं?"

त्याने पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याने पुसलं नाही.

मार्केलाने त्याला खुर्चीत बसवलं, आर्गिरोला म्हणाली की पेटी राहू दे, विहिरीचं गार पाणी आण, गारठली की सुटते ही. मग स्वतः शेजारी बसली आणि परात पुढे ओढली.