देवराव गुरुजींचा रेडिओ आणि फुकटची पुस्तिका

शनिवारी संध्याकाळी केशरबाई रेडिओवर बोलणार होत्या, आणि गुरुवारी रेडिओच बोलायचा थांबला.

केशरबाई म्हणजे देवराव गुरुजींच्या पत्नी. अमरावतीच्या महिला मेळाव्यात नागपूर केंद्राची माणसं यंत्र घेऊन आली होती. मुंगवड्या कशा घालाव्या, हे त्यांनी केशरबाईंच्या तोंडून भरून नेलं. तेव्हा गुरुजी मंडपाबाहेर चपला राखत होते. बायको काय बोलली ते विचारलं की उत्तर एकच यायचं, "रेडिओवर आयका."

आता मार्ग दोन होते. एक, परतवाड्याच्या दुकानदाराने सेटबरोबर फुकट दिलेली रेडिओदुरुस्तीची पुस्तिका. दुसरा, अमरावतीचे खुशालराव मिस्त्री, ज्यांच्या दुकानात पाटी होती : 'घरी उघडलेला सेट घेतला जाणार नाही.' म्हणजे पहिला मार्ग धरला की दुसरा बंद. छापलेल्यावर विश्वास ठेवावा, असं गुरुजी शाळेत शिकवत. पाटी नुसती रंगवलेली होती. त्यांनी पुस्तिका उघडली.

पहिलाच प्रश्न : सेटमधला दिवा लागतो का? गुरुजींचा सेट बॅटरीवरचा, त्यात दिवा नव्हताच. 'नाही' म्हणावं तर पान आठ, विजेचा पुरवठा तपासावा. गावात वीज नव्हती. बराच विचार करून गुरुजींनी 'हो' धरलं आणि पान पाचवर गेले. तिथे मागची फळी काढायला सांगितलं होतं.

फळी निघाली तसे शेजारचे डोमाजी आले.

"गुरुजी, याचं तोंड अचलपूरकडे काहून? आवाज नागपूरहून येते नं?"

सेटचं तोंड नागपूरकडे झालं. आवाज आला नाही. मग डोमाजींनी बॅटरी उन्हात ठेवायला लावली. "वाळली की जोर धरते."

"वड्याबी वाळतेत," केशरबाई आतून म्हणाल्या. "बोलतेत काय?"

पान पाच पुढे म्हणत होतं, काचेचे व्हॉल्व्ह काढून पुसावेत व पूर्ववत बसवावेत. पूर्ववत म्हणजे कसे, यावर गुरुजींचं आणि डोमाजींचं एकमत होईना. शेवटी अर्धे गुरुजींच्या मताने बसले, अर्धे डोमाजींच्या. एक स्क्रू उरला.

शनिवारी सकाळी केशरबाईंनी सेट चादरीत बांधून गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी गाठ सैल करून फळीवर चिमूटभर धूळ शिंपडली आणि एस.टी. धरली.

खुशालरावांनी फळीवर फुंकर मारली. "कोणं उघडला?"

"डोमाजीनं."

खुशालरावांनी पाटीकडे बोट केलं.

"आज संध्याकाळी घरची बोलणार आहे यात," गुरुजी म्हणाले.

"घरी तर रोजच बोलत असन नं?"

"त्यातलं मले काही समजत नाही. यातलं समजन, असं वाटते."

खुशालरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पाटीवर टाकला आणि सेट पुढ्यात ओढला. दुपारनंतर तो बोलायला लागला.

"बिघडलं काय होतं?"

"पयले नुसती बॅटरी संपली होती. बाकीचं मंगचं आहे."

संध्याकाळी आळीभरची माणसं ओसरीत जमली. निवेदकाने केशरबाईंचं नाव घेतलं आणि त्यांचा आवाज आला, थोडा लाजलेला, पण त्यांचाच. डाळ किती भिजवावी, मिरची कधी घालावी. मग आवाज म्हणाला, "आमच्या घरी गुरुजीच डाळ वाटून देतात. सांगावंबी लागत नाही. लय शांत माणूस."

ओसरी गुरुजींकडे वळली. गुरुजींनी जन्मात पाट्या-वरवंट्याला हात लावला नव्हता. आवाज बायकोचा होता, केंद्र नागपूरचं होतं, नवरा कुणाचा ते कळत नव्हतं. त्यांनी हळूच पेचकस उचलला.

"काय करून राह्यले?" केशरबाईंनी विचारलं.

"अजून काईतरी बिघाड आहे."

"राहू द्या. पयल्यांदा नीट बोलून राह्यला."

सकाळी गुरुजी उठून ओसरीत आले, तर भिजलेल्या डाळीचं पातेलं आणि पाटा-वरवंटा तिथे मांडून ठेवलेला.

"हे काहून?"

"रेडिओवर सांगतलं नं," केशरबाई म्हणाल्या आणि पाण्याला गेल्या.

छापलेलं खरं, एवढं गुरुजींना माहीत होतं. रेडिओवर सांगितलेल्याचं काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वरवंटा हातात धरून ते कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या डोमाजींकडे पाहू लागले.

डोमाजींनी पाटा नीट न्याहाळला.

"तोंड नागपूरकडे करा," ते म्हणाले.