पाऱ्याचा आकडा

प्रणालीने नकाशा दिवाणावर पसरला आणि मूर्तिजापूरजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"काका, एकोणतीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. संध्याकाळचे साडेपाच. आजूबाजूला हवेचा दाब एक हजारच्या वर, अन् तुमच्या केंद्राचा एकट्याचाच नऊशे शहाण्णव."

धर्मपाल तायडे चष्मा पुसत राहिले. त्या लहानशा हवामान केंद्रात पाऱ्याच्या नळीवरून दाब टिपण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. या आकड्याभोवती वरच्या कचेरीने केलेला लाल गोल ते विसरले नव्हते. आता अमरावतीहून ही मुलगी जुन्या नोंदींवर प्रबंध लिहायला आली होती.

"चुकला असंल," ते म्हणाले. "सोडून दे तो."

"चुकला नाई." चहा घेऊन आलेल्या दुर्गाबाई दारातच थांबल्या. "यायले ताप होता. मीच वाचला तो आकडा. दोन खेप पाह्यलं, पारा तिथंच."

धर्मपाल खाली पाहू लागले.

"तवा सांगतलं असतं त नोकरी गेली असती," ते हळूच म्हणाले.

प्रणालीने नकाशा दुर्गाबाईंकडे वळवला.

"काकू, हे बाण वाऱ्याचे. अकोल्यात वारा उत्तरेकडून, अमरावतीत दक्षिणेकडून. मधात कमी दाब असला तरच वारं असं गोल फिरते." तिने पेन्सिलीने ठिपक्याभोवती वळसा पूर्ण केला. "समान दाबाची रेषा अशी जाते. तो आकडा टाकला की सारं जुळते. तुमचं बरोबर होतं."

दुर्गाबाईंनी कप खाली ठेवले. हात पदराला पुसून त्या रेषेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मंग नोंदीखाली काकूंचं नाव लिहू?" प्रणालीने विचारलं.

"एकाच नोंदीखाली काहून?" धर्मपाल म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातल्या नोंदवह्यांच्या प्रतींचा गठ्ठा पुढे ओढला. "ताप उतरल्यावर मी तिनं टिपलेला आकडा पाह्यला अन् तिलेच म्हटलं, संध्याकाळचं तूच पाहात जाय. माह्यापेक्षा तिची नजर पक्की. मी निवृत्त होईपर्यंतचे साडेपाचचे सारे आकडे तिचे."

प्रणाली गठ्ठ्याकडे पाहत राहिली. अकरा वर्षं होती त्यात.

दुर्गाबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्या नकाशावर वाकल्या होत्या.

"पोरी, दुसऱ्या सकाळी पारा वर चढला होता," त्या म्हणाल्या. "हे वारं मंग कुठं गेलं? दुसऱ्या दिवशीचा नकाशा हाय का तुह्याजवळ?"