धाकट्याचा डबा

सासूबाईंनी पावडरच्या डब्याचं झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं आणि डबा तसाच नातवाच्या नाकासमोर धरला.

"खरं सांग, पोपट्या. आई तुला हे दिवसातून किती वेळा देते?"

"तीनदा. आणि ते घाण लागतं. आणि तू कालपण हेच विचारलंस."

तीन वर्षांचं पोर, पण जिभेला हाड नाही. आजीवर गेलाय, असं सगळे म्हणत आणि सासूबाई ते ऐकून घेत.

हा जन्मला तेव्हा टाचेतून थेंबभर रक्त घेतलं आणि कळलं, की दुधाडाळीतलं सत्त्व याच्या अंगाला सोसत नाही. ते रक्तात साचतं आणि मेंदूच नासवतं. तेव्हापासून तोलून-मापून जेवण आणि दवाखान्यातून येणारी ही पावडर. थोरल्या नातीच्या वेळी कुणी टाच टोचली नव्हती. ठकी नऊ वर्षांची झाली, तरी फ्रॉकची बटणं तिला लावता येत नव्हती. हाक मारली तर हसायची, तेवढंच.

डबा मागून मिळत नसे. महिन्याचा महिन्यालाच. आणि गेले दोन महिने तो महिना संपायच्या आधीच तळ दाखवत होता.

"तुझ्या मेव्हण्याकडे लक्ष ठेव," बूट घालणाऱ्या मुलाला त्या म्हणाल्या. "रिकामा येतो आणि पिशवी भरून नेतो. दंड बघितलेस त्याचे?"

"आई, तो व्यायामशाळेत जातो."

"मी वेगळं काय म्हणतेय?"

मुलगा हसत कामावर गेला. त्याला हसायला काय जातं.

रविवारी सुनेचा भाऊ आला. सासूबाई त्याच्यासमोरच ठाण मांडून बसल्या. तो निघाला तेव्हा त्यांनी पिशवीत सरळ हात घातला. बहिणीकडून उसवून सैल करून घेतलेल्या दोन विजारी निघाल्या.

"शिवण बरी आहे," त्या म्हणाल्या.

"मापं वाढलीत, मावशी," तो लाजून म्हणाला.

रात्री त्यांनी डब्यातली पावडर चमच्याने सपाट केली, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. पोपट्या दूध म्हणून पावडरीचं पाणी पिऊन आधीच झोपला होता. त्याही भिंतीकडे तोंड करून पडल्या आणि घोरू लागल्या. घोरण्याचं सोंग त्यांना छान जमायचं, त्यावर त्यांनी अर्धा संसार ऐकला होता.

स्वयंपाकघरात झाकण वाजलं. मग न्हाणीघराचं दार.

सासूबाई उठल्या. काय काय बोलायचं ते महिनाभर जिभेवर घोळून तयार होतं. त्यांनी दार ढकललं.

सून पालथ्या बादलीवर बसली होती. हातात पेला. समोर ठकी, ओठ घट्ट मिटून, मान फिरवून.

सून दचकली, पण उठली नाही.

"हिला?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"डॉक्टर काय म्हणाले होते? मी तिथंच होते."

"आता उपयोग नाही म्हणाले. व्हायचं ते होऊन गेलं." सून पेल्यात चमचा फिरवत राहिली. "मला कळतं, आई."

"कळतं तर मग त्या पोराच्या तोंडचं..."

ठकीनं तोंडातला घोट तेवढ्यात थुंकला. हनुवटीवरून ओघळ फ्रॉकवर उतरला. आजीला बघून ती हसली.

सासूबाईंनी तळहाताने तिची हनुवटी पुसली. वळून पाहिलं. पोपट्या अजून झोपलेला होता. त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

"हिला निम्मंच देत जा," त्या म्हणाल्या. "धाकट्याला महिना पुरला पाहिजे."

मग गुडघ्यावर हात टेकून त्या फरशीवर बसल्या आणि ठकीला मांडीत ओढून घेतलं.

"आणि असं काय पाजतेस, सगळं सांडतंय. मी धरते हिला. हं, दे."