काकांच्या नावानं सोडलेलं बोलणं

हर्षालीनं व्रत धरलंय, ही बातमी पिंपळवंडीत सगळ्यात शेवटी कळली ती हर्षालीला.

दूध डेअरीवर कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायका तिला बघून बाजूला झाल्या. "पुढं हो बाई," म्हणाल्या. सव्वीस वर्षांत डेअरीच्या रांगेत हर्षालीला कुणी नंबर दिला नव्हता. उलट ही पोरगी 'सरका' म्हणू शकत नाही हे ओळखून मागून येणारे निवांत पुढं जायचे. आज एकीनं तिच्या कॅनला हात लावून तो कपाळाला टेकवला. कॅन रिकामा होता.

त्याचं असं झालं. घरातलं माणूस गेलं की मागची माणसं त्याच्या नावानं वर्षभर एखादी आवडती वस्तू सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी चहा, कुणी पायात चप्पल घालत नाही. सावळारामकाका गेले तेव्हा हर्षालीच्या वडिलांनी तंबाखू सोडली, ती घरातल्या घरात. मग लोणीची मावशी भेटायला आली आणि कोपऱ्यातल्या हर्षालीकडं बघून म्हणाली, "ही अशी मुक्यावानी का बसलीय गं? महिना झाला म्हनं तोंड उघडलं न्हाई?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "तिनं बोलणं सोडलंय. काकाच्या नावानं. वर्सभर."

सोडायची ती आवडती वस्तू असावी लागते, आणि हर्षालीला बोलणं कधीच आवडलं नव्हतं, हा बारकावा मावशीच्या लक्षात आला नाही. तिचे डोळे भरून आले. संध्याकाळच्या एसटीनं ती लोणीला गेली, पण बातमी मागं ठेवून गेली.

आईला खोटं बोलायची हौस नव्हती. लाज होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तीन तास तपासून सांगितलं होतं की, हर्षालीला ऑटिझम आहे, जन्मापासूनच आहे, आणि हिला बोलायची सक्ती करू नका. आईनं ती फाईल कपाटात लग्नातल्या शालूखाली ठेवली आणि गावात सांगितलं, थायरॉईड निघाला. थायरॉईड बरा. तो चांगल्या घरांतून असतो.

हर्षाली बोलायची, नाही असं नाही. चाळीसेक वाक्यं तिच्याकडं तयार असत. 'चहा घेता का', 'आई शेतात गेलीय', 'बरं आहे', 'या, बसा'. यांच्या बाहेरचं वाक्य लागलं की एकेक शब्द शोधून जुळवावा लागे, आणि तो जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयाला, नाहीतर पुढच्या गावाला पोचलेला असे. त्यात गर्दी असली, भोंगा असला, चार जण एकदम बोलत असले की चाळिसांतलं कुठलंही वाक्य न विचारता बाहेर पडायचं.

तसं ते काकांच्या दहाव्याला पडलं.

दहावा दणक्यात झाला. आपल्याकडं माणसाचं जिवंतपणी नीट ऐकून घेतलं जात नाही, पण दहाव्याला त्याच्यावर आठ-दहा भाषणं होतात. सोसायटीचे चेअरमन बोलले, दोन पक्षांचे तालुकाध्यक्ष बोलले, त्यांतल्या एकानं शेवटपर्यंत काकांना 'कैलासवासी सखाराम' म्हटलं. लोक नंतर म्हणाले, भाषण भारी झालं. भोंगा हर्षालीच्या डोक्यावरच बांधलेला. पुढं साळुबाईकाकू बायकांच्या घोळक्यात बसली होती, कुंकू पुसलेलं कपाळ घेऊन. आईनं कोपरानं ढोसलं. "काकूला बोल की दोन शब्द. तोंड शिवलंय का?"

हर्षाली पुढं झाली. काकूचा हात हातात घेतला. आणि लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना निरोप देताना म्हणायचं म्हणून आईनंच लहानपणी पाठ करून घेतलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हणाली,

"असेच योग येत राहोत."

एका पोरीनं तोंडावर पदर दाबला, तो रडण्यासाठी नव्हता. काकूनं हात काढून घेतला. आईनं दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा डाग दहाव्यापासून तेराव्यापर्यंत टिकला.

त्या दिवसापासून आवाज बंद. पहिला महिना खरोखरच बंद. हर्षालीनं आंघोळ करताना प्रयत्न केला, गोठ्यात गाईपाशी केला. घशापर्यंत काही यायचं आणि त्या वाक्याच्या भीतीनं माघारी जायचं. कामावर जायला लागली तेव्हा बियाणे कंपनीची एक जुनी डायरी सोबत घ्यायला लागली. काही सांगायचं तर लिहायचं. आणि तिला एक नवल कळलं. आपण लिहीत असलो की माणसं थांबतात. वाट बघतात. बोलताना तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. संध्याकाळी घरी परतताना डोकं ठणकत नव्हतं. जेवण चवीला लागत होतं.

ती गावाजवळच्या रोपवाटिकेत टोमॅटोचे ट्रे भरायची. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खळगे. प्रत्येकात मातीऐवजी कोकोपीट, प्रत्येकात एक बी. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती बी टाकत होती आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर तिला कुणाचा तरी आवाज ऐकू आला. "शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव." आवाज तिचाच होता.

कोकोपीटच्या गोण्यांमागून आयशा वर आली. आयशा नारायणगावाहून स्कूटीवर यायची आणि दोन माणसांचं बोलणं एकटी बोलायची, म्हणून दोघींचं जमायचं.

"बोलता येतंय की तुला!"

हर्षालीच्या कानांपर्यंत आग गेली. तिनं डायरी ओढली आणि लिहिलं : येतं. पण नको वाटतं.

आयशानं वाचलं आणि ट्रेवर जाळी ओढत म्हणाली, "मंग त्यात काय? मला सासूशी बोलता येत नाय असं हाय का? येतं की. बोलते का मी?"

इतक्या थोडक्यात हा प्रश्न पुण्यालाही कुणी सोडवला नव्हता. पण आयशानं पुढं जाऊन विचारलं, "पण ते व्रत म्हणून बायका तुला मान देत्यात, ते? ते खरंय का?"

हर्षालीनं पुढचा ट्रे ओढला.

"ते बरं नाय, राव," आयशा म्हणाली.

मानाचं सगळ्यात वाईट हे की तो दारात येतो. साळुबाईकाकू दर गुरुवारी वाडगाभर दही घेऊन यायला लागली. दहाव्याला हात काढून घेतलेली तीच काकू. तिनं मनाशी हिशेब जुळवला होता : पोरगी चुकून वेडंवाकडं बोलली, त्याचं तिला इतकं लागलं की जिभेलाच शिक्षा केली, आणि ती पण माझ्या मालकाच्या नावानं. चार महिन्यांनी एका गुरुवारी दही ठेवून ती वाकली. काय पडलं म्हणून हर्षालीही वाकायला गेली, तोवर काकूची बोटं तिच्या पायांना लागली होती.

पंचावन्न वर्षांची बाई. पुतणीच्या पाया पडली.

हर्षालीनं पाय मागं घेतले, ते भिंतीला लागले. आणखी मागं जागा नव्हती. काकू म्हणाली, "माझ्या पोरांनी चहा सोडला न्हाई गं त्यांच्या नावानं. तू तोंड सोडलंस."

ते दही हर्षालीनं खाल्लं नाही. गाईलाही घातलं नाही. गाईचा तरी काय दोष. फ्रीजमध्ये ते आंबत गेलं आणि रोज पाणी घ्यायला दार उघडलं की समोर दिसत राहिलं. खरं सांगावं असं तिनं दर बुधवारी ठरवलं आणि दर गुरुवारी काकू आली की डायरी उशीखाली सरकवली. आपण गप्प राहतो याची लाज तिला आयुष्यभर शिकवली गेली होती. ती आता वाटत नव्हती. त्या रिकाम्या जागी ही दुसरी येऊन बसली होती, आणि ही मात्र तिची स्वतःची होती.

वर्षश्राद्ध आलं. आईनं तिच्यासाठी मोतिया रंगाची साडी आणली आणि सांगितलं, "कीर्तन झालं की म्हाराज माइक देतील. तू म्हनायचं, रामकृष्णहरी. झालं उद्यापन."

हर्षालीनं लिहिलं : मी बोलणार नाही.

"एक शब्द. देवाचं नाव घ्यायला पण जड व्हतंय?"

हर्षालीनं खाली लिहिलं : एक म्हटलं की उद्यापासून सगळं बोलावं लागेल. आणि व्रत नव्हतंच.

आईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पलंगाच्या कडेला बसली. "मला म्हायती न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मंग काय सांगू लोकांना? शालू काढून फाईल वाचून दावू? लोक म्हनतील, आईनं देवाच्या नावावर पोरगी खपवली." तिनं साडीची घडी उगाचच मोडून पुन्हा घातली. "मला तोंड दाखवायला जागा ठेव बाई. एवढंच कर."

हर्षालीला आईची दया आली. दयेनं लाज कमी होत नाही, वाढते.

अंगणात मांडव पडला. महाराजांनी दीड तास मौनाचा महिमा सांगितला. एवढं बोलल्याशिवाय तो पटणारा नव्हता. मौनानं ऋषी तरले, मौनानं काय काय झालं, आणि या कलियुगात, मंडळी, आपल्या पिंपळवंडीत! टाळ्या झाल्या. माइक हर्षालीसमोर आला. समोर अख्खी भावकी. मागच्या रांगेत आयशा, सुट्टी काढून आलेली. पुढं, चटईवर, साळुबाईकाकू, हात जोडून.

"बोला, ताई," महाराज म्हणाले. "रामकृष्णहरी."

तिनं तोंड उघडलं. डोक्यावरच्या भोंग्यात तिचाच श्वास गरगरला. घशात वाक्य चढलं, आणि ते कुठलं आहे हे तिला ओठांशी आल्यावरच कळलं. पहिला शब्द 'असेच' होता.

तिनं ओठ मिटले. आईनं डोळे मिटले.

मग हर्षाली माइक हातात घेऊन, तो बंद कुठं करायचा हे माहीत नसल्यानं तसाच धरून, काकूपाशी गेली. चटईवर बसली, माइक मांडीवर ठेवला आणि पोलक्यात खोचलेला कागद काढून दिला. आठवडाभर तो रोज लिहून रोज फाडला होता; हा शेवटचा. काकू चौथी शिकलेली. तिला मनात वाचता येत नसे; अक्षराखाली बोट ठेवून मोठ्यानंच वाचावं लागे. हे हर्षालीला माहीत होतं. माइक तिच्या ध्यानातून गेला.

"का-कू," काकूचा आवाज भोंग्यातून अख्ख्या आळीवर गेला. "हे व्र-त नाही. मला ला-ज वा-टली म्हणून मी ग-प्प झाले. मग आ-वाज आला, तो मी ल-पवला. मला बो-लायला त्रास होतो. जन्मा-पासून. मी आता लि-हून सांगणार. तु-म्ही माझ्या पाया प-डलात, ते मी घे-तलं. मला फार ला-ज वाटते. द-ही आणू नका."

कुणीतरी लांबून म्हणालं, "थायरॉईडचं काय मग?" त्याला कुणीतरी गप्प केलं. आईनं पदर पुढं ओढला, इतका की चेहरा उरला नाही.

काकूनं कागदाची घडी घातली.

"म्हंजी वर्सभर फसवलंस मला."

हर्षालीनं मान हलवली. हो.

"ऊठ," काकू म्हणाली. "पड पाया."

हर्षाली उठली आणि वाकली. अख्ख्या भावकीसमोर, मोतिया साडीत, कपाळ टेकेपर्यंत. काकूनं आशीर्वादाचा हात काही ठेवला नाही. फक्त पाय मागं घेतले नाहीत. मग म्हणाली, "पंगत बसवा. भात गार होतोय." लोक जेवले. चांगले जेवले. महाराजांनी मौनाचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढचे पंधरा दिवस डेअरीच्या रांगेत हर्षालीला कुणी नंबर दिला नाही. आई तिच्याशी बोलत नव्हती, त्यामुळे घरात आता दोन जणी गप्प होत्या. एका दुपारी मात्र आईनं कपाट उघडलं, शालूखालची फाईल काढली आणि टीव्हीशेजारी ठेवली. वर बिलं ठेवली, पण ठेवली.

तिसऱ्या गुरुवारी साळुबाईकाकू आली. हात रिकामे. उंबऱ्याच्या आत बसली आणि बराच वेळ अंगणातल्या कोंबड्या बघत राहिली.

"एक इचारते," ती म्हणाली. "त्या दिशी दहाव्याला ते योगाचं बोललीस. खरं काय म्हनायचं व्हतं तुला?"

हर्षालीनं डायरी उघडली. पेन टेकवलं, उचललं. काकू थांबली. चहा गार झाला तरी थांबली. शेवटी हर्षालीनं लिहून डायरी पुढं केली. काकूनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"मोठं लिव की जरा. मुंग्या का काय ह्या?"

हर्षालीनं नवीन पान घेतलं आणि पहिलीच्या पुस्तकासारखं लिहिलं. काकूनं बोट ठेवलं.

"का-का मला क-धी बोल म्ह-णाले नाहीत."

काकूचं बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं ते तिथंच राहिलं. विहिरीवर मोटर चालू करून काका आणि ही पोरगी कशी तास-तास पाण्याकडं बघत बसायची, हे तिनंही पाहिलं होतं. जेवायला हाका मारून तिचा घसा बसायचा.

"मला पण बोल न्हाई म्हनायचे," काकू म्हणाली. "तीस वर्सं. लई राग यायचा मला."

तिनं नाक पुसलं, पदरानं डायरीवरचा थेंब टिपला आणि पान उलटून कोरं पान हर्षालीपुढं सरकवलं.

"अजून काय काय व्हतं त्यांचं तुज्यापाशी? लिव. मला घाई न्हाई."