पाटीची मागची बाजू

शाळा बंद पडली आणि तिला एकाएकी भलतीच किंमत आली. चालू होती तेव्हा तिच्या गळक्या छपराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता मात्र तिथले बाक, घंटा, दौती, फाटके नकाशे वाचनालयाच्या वरच्या खोलीत काचेआड जाऊन बसले होते आणि लोक 'अय्या, आमच्या वेळचं!' करत फिरत होते.

ताईला त्यातलं काही नको होतं. ती एका पाटीसाठी आली होती.

लाकडी पाटी, वर सुतळी, पुढे पांढऱ्या रंगात 'मी ढ आहे'. ज्याचं उत्तर चुकेल त्याच्या गळ्यात ती पडायची आणि दुसऱ्या कुणाचं चुकेपर्यंत तिथेच राहायची. ताईचा धाकटा भाऊ पाढ्यांत अडखळायचा, त्यामुळे ती बहुतेक त्याच्याच नशिबी. एकदा शाळा सुटल्यावर ताईनेच ती त्याच्या गळ्यातून काढली, तेव्हा मागची बाजू दिसली. छातीला टेकणाऱ्या, कुणालाच न दिसणाऱ्या त्या बाजूवर पठ्ठ्याने कर्कटकाच्या टोकाने सायकल कोरली होती. आरे, पेडल, साखळीचे दातसुद्धा.

"सांगू नकोस हं," तो म्हणाला होता. तिने नाही सांगितलं.

भावाने सातवीत शाळा सोडली, जन्मभर गॅरेजात राबला आणि यंदा गेला. "मला काय विचारता, मी ढ," हे त्याचं घरातलं पालुपद. त्याच्या लेकीने बापाकडून तेवढंच ऐकलेलं. ताईने तिला सायकलीची गोष्ट सांगितली, तर पोरगी म्हणाली, "आत्या, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना?" तेव्हापासून ताईला चैन नव्हतं. पाटीचा फोटो काढायचा आणि पोरीच्या हातात ठेवायचा, बस्स.

पाटी काचेआड नव्हतीच. आरशाशेजारी अडकवली होती. लोक गळ्यात घालून फोटो काढत होते, खिदळत होते. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने गिळलं आणि पाटी उलटी केली.

मागे काहीच नव्हतं. गुळगुळीत, चकचकीत लाकूड.

"आवडली ना?" मागून आवाज आला. शाळेत पाढे घेणारे, चुकलेल्याच्या गळ्यात ही पाटी अडकवणारे सर. आता ते या संग्रहाचे प्रमुख होते.

"मागे कोरलेलं होतं, सर."

"अहो, कार्ट्यांनी खरवडून सत्यानाश केला होता! मी स्वतः रंधा मारला, वर पॉलिश. जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे मेहनत आली."

"ते माझ्या भावाने काढलं होतं. सायकल होती."

"हो का?" सर मोकळेपणाने हसले. "कोण बरं तुमचा भाऊ? नाही आठवत. किती पोरं आली नि गेली हो!"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. ज्याने जाळलं, त्याला तर आठवतसुद्धा नव्हतं. भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं ताईला वाटलं, आणि या वेळी कुणी सांत्वनाला येणार नव्हतं. निदान या माणसाची मान एकदा खाली झालेली बघावी, एवढंच तिच्या मनात आलं. तिने पाटी पुढे केली.

"सर, घाला गळ्यात."

"मी?"

"घाला. सगळ्यांसमोर उभे राहा."

सरांनी पाटीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग त्यांनी सुतळी डोक्यावरून घेतली, पाटी छातीवर सरळ केली, केसांवरून हात फिरवला. कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळे फोन वर झाले.

"या ना ताई, तुम्ही पण या शेजारी," सर हसत म्हणाले. "आठवण राहील."